विश्लेषण : सनद देशभर चालते, मग नव्या शहरात लॉ फर्मचे दार का उघडत नाही?

कायद्याच्या परीक्षांचे निकाल लागले की लातूर, सोलापूर, नांदेड, जळगाव, कणकवली अशा ठिकाणांहून अनेक पदवीधर मुंबई-पुण्याची वाट धरतात. यातल्या बहुतेकांच्या घरात आधी कुणी वकील झालेले नसते. शहरात नातेवाईक नाहीत, ओळखीचा सीनियर नाही आणि पाठवलेल्या ईमेलना उत्तर येत नाही. ‘वकिलीत ओळखीशिवाय काही होत नाही’ असा समज त्यातून पक्का होतो. तो किती खरा? ओळख नसेल तर तिची जागा कशाने भरून काढता येते?

कायदा काय सांगतो?

कागदावर कोणतीही अडचण नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१च्या कलम ३० नुसार राज्य बार कौन्सिलच्या यादीत नाव असलेल्या वकिलाला देशातील कोणत्याही न्यायालयात आणि न्यायाधिकरणात वकिली करता येते. हे कलम प्रत्यक्षात लागू व्हायला मात्र १५ जून २०११ उजाडला. त्यामुळे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घेतलेला नांदेडचा वकील मुंबईत, पणजीत किंवा दिल्लीतही उभा राहू शकतो. एका वेळी दोन राज्यांच्या यादीत नाव ठेवता येत नाही. मुक्काम कायमचा हलवायचा असेल, तर कलम १८ नुसार नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत नेता येते.

सनद मिळाल्यावर अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे एआयबीई, उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा २०११ पासून घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती वैध ठरवली. तोपर्यंत हंगामी सनदेवर दोन वर्षे काम करता येते.

सनदेच्या खर्चाबाबतही चित्र बदलले आहे. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यात लिहिले आहे तेवढेच घेता येईल, असा निकाल दिला. खुल्या प्रवर्गासाठी ही रक्कम ७५० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. त्याआधी वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये आकारले जात होते.

मग अडते कुठे?

सनद देशभर चालते, पण वकिलाची पत शहरापुरती असते. कोणत्या न्यायालयात कोणत्या खात्याच्या कारकुनाकडे फाइल द्यायची, कोणते प्रकरण किती वाजता बोर्डावर येते, कोणत्या खंडपीठापुढे किती थोडक्यात बोलायचे, हे ज्ञान स्थानिक असते. काही ठिकाणी तर नियमच तसे आहेत. अलाहाबाद उच्च न्यायालयात त्या राज्याच्या यादीत नाव नसलेल्या वकिलाला स्थानिक वकिलासोबतच हजर व्हावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा नियम योग्य ठरवला.

दुसरी अडचण माहितीची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही. २००८ मधील दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. त्यामुळे मोठ्या पाच-दहा नावांपलीकडे कोणती फर्म काय काम करते, हे बाहेरगावच्या माणसाला दिसतच नाही. मधल्या आणि छोट्या फर्ममधली जागा अनेकदा ‘कुणी चांगला ज्युनियर आहे का?’ एवढ्या विचारणेवर भरली जाते. ज्याच्या कानावर ती विचारणा पडत नाही, त्याच्यासाठी ती जागा जणू नसतेच.

लॉ फर्म नेमकी कुणाला घेते?

‘लॉ फर्म’ हा एकच शब्द असला तरी आत तीन वेगळी जगे आहेत. पहिले मोठ्या कॉर्पोरेट फर्मचे. सिरिल अमरचंद मंगलदास, खेतान अँड कंपनी, एझेडबी अँड पार्टनर्स, ट्रायलीगल ही त्यातली काही परिचित नावे. या फर्म नवोदितांची भरती मुख्यतः राष्ट्रीय विधि विद्यापीठे आणि काही नावाजलेल्या महाविद्यालयांतून करतात. तिथे इंटर्नशिप हीच मुलाखत असते. काम आवडले तर पदवीच्या आधीच नोकरीचा देकार मिळतो. इतर महाविद्यालयांच्या पदवीधराला थेट प्रवेश अवघड असतो, पण दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर हे दार पुन्हा उघडते.

दुसरे जग मधल्या आणि छोट्या फर्मचे. मालमत्ता, सहकारी गृहनिर्माण संस्था, पुनर्विकास, बँकांची वसुली, दिवाळखोरी, कामगार कायदा, कौटुंबिक वाद यांपैकी एक-दोन विषयांवर त्या चालतात. भरतीचा ठरलेला हंगाम नसतो. एखादा ज्युनियर सोडून गेला किंवा कामाचा ढीग वाढला की माणूस हवा असतो. नव्या शहरात आलेल्याला खरी संधी इथेच असते.

तिसरे जग सीनियरच्या चेंबरचे. इथे न्यायालयात उभे राहायला लवकर मिळते, पण पैसे कमी आणि अनिश्चित असतात. मुंबईत यात आणखी एक वाट आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा देण्यासाठी सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप करता येते. जुन्या फर्ममध्ये आजही या परीक्षेला मान आहे.

फर्मच्या मनात कोणती शंका असते?

बाहेरगावच्या उमेदवाराचा अर्ज समोर आला की फर्मला दोन प्रश्न पडतात. याला काम येते का? आणि हा टिकेल का? ओळखीतून आलेल्या माणसाबद्दल ही दोन्ही उत्तरे शिफारस करणाऱ्याने आधीच दिलेली असतात. ओळखीचा फायदा तो एवढाच. ही उत्तरे दुसऱ्या मार्गाने दिली, तर ओळखीची गरज बरीच कमी होते.

यातला दुसरा प्रश्न उमेदवारांच्या लक्षात येत नाही. नवख्या ज्युनियरला शिकवण्यात सीनियरचे पहिले सहा महिने जातात. त्यानंतर तो ‘घरची आठवण येते’ किंवा ‘भाडे परवडत नाही’ म्हणून परत गेला, तर ती मेहनत वाया जाते. म्हणून ‘याच शहरात का?’ या प्रश्नाला ठोस उत्तर लागते. ‘मुंबईत संधी जास्त आहेत’ हे उत्तर कुणीही देईल. ‘दिवाळखोरी कायद्यात काम करायचे आहे, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे पीठ इथे आहे, त्या विषयात एक महिन्याची इंटर्नशिप केली आहे आणि १ जुलैपासून राहण्याची सोय झाली आहे’ हे उत्तर वेगळे ठरते. शहराशी नाते नसले तरी शहरातल्या कामाशी नाते दाखवता येते.

इंटर्नशिप कधी, कुठे करावी?

पहिल्या प्रश्नाचे सर्वात चांगले उत्तर म्हणजे इंटर्नशिप. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधि शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करणे बंधनकारक आहे. अनेक विद्यार्थी ती गावातल्या ओळखीच्या वकिलाकडून प्रमाणपत्रावर सही घेऊन उरकतात. पुढे शहरात जायचे असेल, तर हे आठवडे म्हणजे हातातले भांडवल आहे. निदान शेवटच्या दोन वर्षांतले चार-चार आठवडे त्या शहरात घालवले, तर पदवीच्या दिवशी तिथे दोन माणसे तरी नावाने ओळखणारी असतात.

पदवी झालेली असेल तरी उशीर झालेला नाही. ‘एक महिना काम पाहा, मग ठरवा’ असा प्रस्ताव छोट्या फर्मना सोयीचा वाटतो. मात्र महिन्याची मुदत आणि त्या काळातले मानधन आधीच लेखी ठरवावे, नाहीतर एकाचे चार महिने होतात.

ओळख नसेल तर फर्म शोधायची कशी?

इथे एक साधन सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि ते फारसे कुणी वापरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर रोजचे बोर्ड आणि दिलेले आदेश पाहता येतात. आदेशाच्या सुरुवातीला कुणाच्या वतीने कोण हजर होते, याची नोंद असते. ज्येष्ठ वकिलाच्या नावापुढे ‘आय/बी’ अशी अक्षरे आणि त्यापुढे एखाद्या फर्मचे नाव दिसते. ‘इन्स्ट्रक्टेड बाय’ याचे ते लघुरूप. म्हणजे प्रकरणाची तयारी त्या फर्मने केली आहे.

आपल्याला आवडणाऱ्या विषयातले गेल्या सहा महिन्यांतले पन्नास आदेश वाचले, तर पुन:पुन्हा येणारी फर्मची नावे समोर येतात. महारेरा आणि कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे आदेशही असेच वाचता येतात. या यादीतून वीस फर्म निवडाव्यात. प्रत्येकीचे एखादे अलीकडचे प्रकरण नीट वाचावे आणि मगच अर्ज करावा. एकाच मजकुराचे दोनशे ईमेल पाठवण्यापेक्षा हे वीस अर्ज अधिक उपयोगी पडतात.

याशिवाय वकील संघटनांची व्याख्याने, महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आणि इंटर्नशिपमध्ये भेटलेले सहकारी हे मार्ग आहेत. माजी विद्यार्थ्याला पहिल्याच फोनमध्ये ‘नोकरी लावून द्या’ म्हटले की संवाद तिथेच संपतो. ‘तुमच्या क्षेत्रातले काम कसे असते, पंधरा मिनिटे बोलता येईल का?’ असे विचारले, तर बहुतेक जण वेळ देतात. पुढे जागा निघाल्यावर त्यांना तेच नाव आठवते.

गावाकडची शिदोरी शहरात उपयोगी पडते का?

पडते, आणि उमेदवार नेमकी तीच लपवतात. मुंबई, ठाणे, पुणे, रायगड पट्ट्यातल्या मालमत्तेच्या कामात मालकी हक्काचा शोध घ्यावा लागतो. साधारण तीस वर्षांची कागदपत्रे तपासली जातात. सातबारा, फेरफार, आठ-अ, मालमत्ता पत्रक, इंडेक्स टू हे कागद मराठीत असतात. वारस नोंद, कुळाची नोंद किंवा इतर हक्कांतला बोजा वाचून त्याचा अर्थ लावणे, हे इंग्रजीत शिकलेल्या परप्रांतीय सहकाऱ्याला जमत नाही. तलाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवलेल्या शेतकऱ्याच्या घरातल्या मुला-मुलीला ते लहानपणापासून माहीत असते. अर्जात ‘सातबारा आणि फेरफार वाचून हक्काचा अहवाल इंग्रजीत तयार करू शकतो’ ही ओळ असली, तर मालमत्तेचे काम करणारी फर्म ती दोनदा वाचते.

तालुका न्यायालयात काम पाहिलेल्यालाही फायदा असतो. उलटतपासणी कशी चालते, पुरावा कसा नोंदवला जातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. कॉर्पोरेट फर्ममधल्या त्याच वयाच्या सहकाऱ्याने कदाचित साक्षीदाराचा पिंजराही जवळून पाहिलेला नसतो. दुसरीकडे, इंग्रजी मसुदालेखन ही मराठी माध्यमातून आलेल्यांची दुखरी बाजू राहते. त्यावर इलाज एकच. रोज एक आदेश वाचायचा आणि त्यातली वस्तुस्थिती दहा ओळींत स्वतःच्या इंग्रजीत लिहायची. सहा महिन्यांत फरक दिसतो.

अर्जात काय असावे?

ईमेल तीन छोट्या परिच्छेदांत बसवावा. पहिल्यात कोण आहात आणि कोणत्या कामासाठी अर्ज करत आहात. दुसऱ्यात त्या फर्मचे कोणते काम पाहिले आणि त्याला उपयोगी पडेल असे आपल्याला काय येते. तिसऱ्यात शहरात कधीपासून उपलब्ध आहात आणि भेटीसाठी कोणते दिवस सोयीचे आहेत. ‘आदरणीय महोदय/महोदया’ असा सरसकट मजकूर टाळून संबंधित भागीदाराचे नाव लिहावे. परिचयपत्र दोन पानांपेक्षा मोठे नको.

सोबत लेखनाचा एक नमुना जोडावा. स्वतः तयार केलेली नोटीस, दाव्याचा मसुदा किंवा ताज्या निकालावरचे दोन पानी टिपण चालते. खऱ्या प्रकरणातला मसुदा असेल, तर अशिलाचे नाव, पत्ता आणि ओळख पटेल असा प्रत्येक तपशील काढून टाकावा. नमुन्यात अशिलाचे नाव तसेच राहिले, तर मसुदा कितीही चांगला असला तरी अर्ज बाद होऊ शकतो, कारण गोपनीयता हा या व्यवसायाचा पाया आहे. दहा दिवसांनी एकदा आठवण करणारा ईमेल पाठवणे गैर नाही. रोज फोन करणे मात्र टाळावे.

सुरुवातीला पैसे किती मिळतात?

ओळख नसलेल्यांचा खरा अडसर इथे आहे. शहरात घर असलेला ज्युनियर कमी मानधनावर दोन वर्षे काढू शकतो. खोलीचे भाडे, खानावळ आणि लोकलचा पास भरणारा काढू शकत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, असे सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. पाळली नाही म्हणून ज्युनियरला दाद मागता येईल अशी व्यवस्था त्यात नाही.

आणखी एक बाब नवोदितांना पहिल्या महिन्यात कळते. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. त्यामुळे बहुतेक फर्म पगाराऐवजी व्यावसायिक शुल्क देतात. त्यातून साधारणपणे दहा टक्के टीडीएस कापला जातो आणि भविष्य निर्वाह निधी नसतो. विवरणपत्र भरल्यावर हा पैसा परत मिळू शकतो, पण तोवर हातात येणारी रक्कम कमीच असते. कंपनीच्या कायदा विभागात पगारी नोकरी घेतली, तर सनद स्थगित ठेवावी लागते.

म्हणून शहरात पाय ठेवण्याआधी निदान चार महिन्यांच्या खर्चाची तजवीज हवी. ती नसेल, तर आपल्या जिल्ह्यात वर्षभर काम करून पैसे आणि अनुभव दोन्ही गाठीशी बांधणे शहाणपणाचे. घाईने आलेला ज्युनियर मिळेल त्या अटींवर काम स्वीकारतो आणि तिथेच अडकतो.

हो म्हणण्यापूर्वी काय विचारावे?

महिन्याचे शुल्क किती आणि कोणत्या तारखेला, सूचना कालावधी किती, स्वतःची प्रकरणे घेता येतील का, न्यायालयात उभे राहायला मिळेल की फक्त मसुदे आणि फाइली, हे चार प्रश्न विचारण्यात संकोच नको. उत्तरे ईमेलवर आली तर उत्तम. नोकरी देण्यासाठी अनामत किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

न्यायाधीश व्हायचे स्वप्न असणाऱ्यांनी चौथा प्रश्न विशेष लक्षात ठेवावा. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणण्याचा निकाल दिला. हा काळ हंगामी सनदेच्या तारखेपासून मोजण्यास मुभा दिली आणि त्यासाठी दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे, न्यायिक अधिकाऱ्याने दुजोरा दिलेले प्रमाणपत्र सांगितले. फक्त कार्यालयात बसून केलेल्या कामावर असे प्रमाणपत्र मिळणे सोपे नाही. भरतीच्या जाहिरातीतील अटी त्या वेळी तपासून घ्याव्यात.

मुंबईच गाठायला हवी का?

नाही. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. सगळ्यांचीच घडी नव्याने बसत असलेल्या ठिकाणी नवख्याला शिरकाव सोपा असतो. शिवाय राहण्याचा खर्च मुंबईपेक्षा कमी आहे.

दिल्लीची वाट निवडणाऱ्यांनी ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डची कार्यालये पाहावीत. सर्वोच्च न्यायालयात दाखल होणारी मराठी कागदपत्रे इंग्रजीत न्यावी लागतात. महाराष्ट्रातली प्रकरणे हाताळणाऱ्या कार्यालयाला मराठी वाचणारा ज्युनियर उपयोगाचा ठरतो. फौजदारी कामाची आवड असेल, तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणांकडील कायदेशीर मदत बचाव सल्लागार योजनेतही सहायक पदे असतात. त्यासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव पुरतो आणि ठरलेले मानधन मिळते, मात्र खासगी वकिली करता येत नाही.

शहर कोणतेही असो, क्रम तोच राहतो. आधी विषय ठरवायचा, मग त्या विषयाचे न्यायालय किंवा न्यायाधिकरण जिथे आहे ते शहर, मग तिथल्या वीस फर्म. शहर आधी ठरवून मिळेल ते काम शोधणाऱ्याला ओळखीची उणीव सगळ्यात जास्त जाणवते.